खेळायला घ्यायचा असेल तर: सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा

सावंतवाडीत दशावतारी गंजिफाचा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांच्या हातानं रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचा, संच दोन प्रकारची माणसं घेतात. एकांना तो चौकटीत बसवून भिंतीला लावायचा असतो, दुसऱ्यांना जमिनीवर चादर पसरून डाव मांडायचा असतो. दोघांना लागणारा संच वेगळा असतो आणि दुकानात हा फरक आपणहून कुणी सांगत नाही. पणजीहून पत्रादेवी, बांदा करत दीडएक तासात सावंतवाडी गाठणाऱ्या गोव्याच्या माणसानं हे आधीच ठरवून जावं, कारण हाताच्या कामाची ही पेटी स्वस्त नसते. हे परीक्षण खेळणाऱ्यांसाठी आहे. आमचं मत आधीच सांगतो: संच नीट पारखून घेतला आणि पावसाळ्यात सांभाळला, तर घरात गोष्ट आणि खेळ एकत्र आणणारी याच्या तोडीची वस्तू आपल्या भागात दुसरी नाही.

पेटीत १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्या मोगली खेळात आठ रंग आणि ९६ पत्ते. दशावतारी गंजिफा हे त्याचं इथं घडलेलं रूप. सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपत आली होती. १९७०च्या दशकात इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांना काम देऊन ती उभी केली. आजही राजवाड्यात कारागीर पत्ते रंगवताना दिसतात. पेटी घेण्याआधी तिथं थोडा वेळ उभं राहावं. ब्रशच्या कामातला बरावाईट फरक डोळ्यांना लगेच कळू लागतो.

या पत्त्यांचं खरं मोल गोष्टींत आहे. पेडण्याकडच्या मुलानं जत्रेच्या रात्री दशावतारी काल्यात, म्हणजे लोकनाट्यात, काळा संकासुर वेद पळवताना आणि विष्णूच्या हातून मरताना पाहिलेला असतो. मत्स्याचा राजा हातात आला की ती कथा त्याला नव्यानं सांगावी लागत नाही. परशुरामानं बाण मारून समुद्र हटवला आणि बाण पडला ती बाणावली, हे तर गोव्यात सगळ्यांनाच ठाऊक. पण वराह कोण, वामनानं तिसरं पाऊल कुठं ठेवलं, कल्की अजून यायचा म्हणजे काय, हे प्रश्न डाव चालू असतानाच निघतात आणि आजी किंवा काका तिथंच उत्तर देतात. चित्रकथेचं पुस्तक एकदा वाचून बाजूला पडतं. हे पत्ते रोज पिसले जातात, म्हणून त्यांतल्या गोष्टीही रोज वर येतात.

आता दुकानात काय पाहायचं ते. पहिलं म्हणजे आकार. मोठ्या व्यासाचे पत्ते दिसायला देखणे असतात, पण तीन जणांच्या डावात एकेकाला ४० पत्ते येतात आणि मोठे गोल पत्ते तेवढ्या संख्येनं हातात राहत नाहीत. गोल पत्त्याला कोपरा नसतो. पंखा उघडताना बोटाला धरायला जागा नसते आणि पत्त्यांवर लाखेचा थर असल्यानं लाखेवरून लाख घसरते. दुकानातच वीस पत्ते एका हातात उघडून बघा. पडले, तर लहान आकाराचा संच मागा.

दुसरं, सपाटपणा. पत्ता काचेच्या काउंटरवर ठेवून कडेला बोट दाबा. डगमगला तर तो वाकलेला आहे. पाठीवर लाखेचा थर जाड आणि चित्राच्या बाजूला पातळ असला की दोन्ही बाजू दमटपणा सारखा घेत नाहीत आणि पत्ता वाटीसारखा वळतो. घरी आणून हे सुधारत नाही.

तिसरं म्हणजे पाठ. गंजिफाच्या पाठी एकाच रंगाच्या, कोऱ्या असतात, आणि तसंच हवं. पाठीवर लाखेचा फुगा, कडेला टवका किंवा ब्रशचा केस अडकलेला असला की दोन डावांत सगळ्यांना तो पत्ता ओळखू येतो. सगळे १२० पत्ते उलटे मांडून एकदा नजर फिरवा. विक्रेता कुरकुरला तरी चालेल. मग सुलटे करून बारा-बाराच्या दहा रांगा लावा. एखादा पत्ता दोनदा आणि एखादा नाहीच, असं हातकामात होऊ शकतं, आणि ते घरी पोचल्यावर कळून उपयोग नाही.

रंगांची पारख पिवळ्या दिव्याखाली करावी. प्रत्येक अवताराची जमीन, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, वेगळ्या रंगाची असते, पण नारिंगी आणि लाल, हिरवा आणि निळा यांतलं अंतर संध्याकाळी पुसट होतं. चिन्हांपैकी मासा, कासव, परशू चटकन ओळखता येतात. बाकीची चिन्हं संचागणिक थोडी बदलतात. राजा बहुधा सेवकांसह आसनावर बसलेला आणि प्रधान घोड्यावर असतो, पण प्रत्येक चितारी तसंच काढेल असं नाही. आपल्या पेटीतला राजा कोणता नि प्रधान कोणता, हे दहाही रंगांचं विचारून घ्या. अंकपत्त्यांवर आकडे नसतात, चिन्हं मोजावी लागतात. आठ, नऊ आणि दहाची मांडणी एकमेकांसारखी वाटत असेल तर तो संच खेळायला त्रासाचा.

नियमांचं पत्रक ही या खरेदीतली सगळ्यात कच्ची बाजू आहे. काही पेट्यांत ते नसतंच, असलं तर चार ओळींचं. खेळाचा गाभा असा: हुकमाचा रंग नाही. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्यानं सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानं. उतरलेल्या रंगातला सगळ्यात वरचा पत्ता हात जिंकतो. राजा पडून गेला की प्रधान वरचा, प्रधान गेला की त्याखालचा. काय पडलं आणि काय अजून बाहेर आहे, हे लक्षात ठेवणारा जिंकतो.

गोंधळ होतो तो क्रमात. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शा, नश्शा असं उतरत एक्क्यापर्यंत येतात. उरलेल्या पाचांत प्रधानाखाली एक्का, मग दुर्री, आणि दश्शा सगळ्यात हलका. नवा खेळाडू नेमका इथं मजबूत एक्का फेकून देतो. कुठले पाच सरळ आणि कुठले पाच उलटे, ते विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याच्या चिठ्ठ्या करून प्रत्येक खेळाडूसमोर एकेक ठेवा. उतरलेला रंग हातात असताना तोच लावायची सक्ती आहे का, हेही वाटपाआधी ठरवा; यावर घरोघरी वेगळी रीत आहे आणि मधेच वाद निघाला तर डाव मोडतो.

सुरुवात सगळ्या १२० पत्त्यांनी करू नये. आधी सरळ क्रमाचे पाचच रंग काढा: ६० पत्ते, तिघांत वीस-वीस किंवा चौघांत पंधरा-पंधरा. हे अंगवळणी पडलं की दोन रंग काढून त्यांच्या जागी उलट क्रमाचे दोन घाला. पूर्ण संच पाच जणांत सर्वांत छान रंगतो, प्रत्येकी २४ पत्ते. पिसायला मात्र नेहमीची पद्धत विसरा. जाड सुती चादरीवर सगळे पत्ते उलटे पसरून दोन्ही तळव्यांनी घोळवायचे. कडा एकमेकींत घुसवून पिसलं तर लाखेचे टवके उडतात.

पाच माणसं आणि मोकळा वेळ गोव्यात हमखास मिळतो तो चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. मूळ घरी सगळे जमलेले असतात, आरत्या आटोपल्या की पत्ते निघतात. अडचण ही की लाखेला सगळ्यात वाईट काळही तोच. दमट हवेत लाख मऊ पडते, पत्ते एकमेकांना चिकटतात, वर पांढुरकी झाक येते. चिकटलेले पत्ते उचकटू नका. कोरड्या खोलीत थोडा वेळ ठेवून आडवे सरकवत सोडवा. मऊ फडक्यावर चिमूटभर टाल्कम पावडर घेऊन पाठीवरून फिरवली तर घसरण परत येते. जास्त झाली तर चित्र मळकट दिसतं. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा. पेटी ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका. कागद चिकटवायला चिंचोक्याची खळ वापरलेली असेल तर कसर लागू शकते, म्हणून पेटी महिन्यातून एकदा उघडावीच.

पुसायला पाणी नको, सॅनिटायझर तर नकोच. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे फेणीचा पेला सांडला तरी तेच होणार: रंग उचलला जातो. पेले चादरीपासून लांब ठेवा. उन्हात बंद गाडीत पेटी राहिली तरी लाख मऊ होऊन गठ्ठा बनतो, म्हणून परतीच्या वाटेवर जेवायला उतरताना ती सोबत घ्या.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी हा संच घेऊ नये. त्यांना मोजणी जमत नाही आणि कडा दाताखाली जातात. साधारण आठव्या वर्षापासून मुलं पाच रंगांचा डाव नीट खेळू शकतात. आणि ज्या घरात दोघंच असतात, त्यांनी या पेटीवर पैसे घालू नयेत. दोघांत हा खेळ रंगत नाही.

मागणी देऊन संच करून घेणार असाल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी द्या, म्हणजे लाख नीट वाळते. त्याच वेळी त्याच मापाचे, पाठीला तोच रंग दिलेले तीन-चार कोरे पत्ते जास्तीचे मागून घ्या. एखादा पत्ता हरवला तर चितारी त्यावर तो काढून देऊ शकेल. नंतर वेगळ्या खेपेची लाख लावून केलेल्या पत्त्याची पाठ उरलेल्या ११९ पत्त्यांशी जुळत नाही.