पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक : रस्ता उत्तम, टोल अवाजवी

फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गला मोटारीने जायचे तर पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोल-महामार्गाला सोयीचा पर्याय नाही, आणि रस्ता म्हणून तो खरोखरच चांगला आहे. 1 ऑक्टोबर 1940 रोजी खुला झालेला हा मार्ग डोंगर बोगद्यांतून पार करतो. किटॅटिनी आणि ब्लू माउंटन हे बोगदे तर इतके लागून आहेत की पहिल्यातून बाहेर पडून डोळे उजेडाला सरावतात न सरावतात तोच दुसरा सुरू होतो. थांब्यांवरची स्वच्छता आणि हिवाळ्यात बर्फ हटवण्याची तत्परता यांबद्दलही माझे मत चांगलेच आहे.

टोलबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. 2020 पासून रोख पैसे घेणे बंद आहे. काचेवर ईझी-पास (टोल आपोआप वळता करणारे उपकरण) नसेल तर कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि जवळपास दुप्पट रकमेचे बिल घरी येते. शिवाय 2009 पासून दर दरवर्षी वाढत आले आहेत.

या वाढीचे मूळ 2007 च्या राज्याच्या कायद्यात आहे. टर्नपाइक चालवणाऱ्या संस्थेने राज्याच्या परिवहन खात्याला रस्ते आणि बस-रेल्वेसाठी दरवर्षी मोठी रक्कम द्यावी आणि त्यासाठी आय-80 महामार्गावरही टोल बसवावा, अशी ती योजना होती. पण आय-80 हा आंतरराज्य महामार्ग. 1956 च्या कायद्यानुसार अशा रस्त्यांचा 90 टक्के खर्च केंद्राने उचललेला, त्यामुळे टोलला वॉशिंग्टनची संमती हवी होती. टोलचा पैसा त्या रस्त्याबाहेर खर्च होणार असल्याने 2010 मध्ये ती अखेर नाकारण्यात आली. तेव्हा देय रक्कम वर्षाला 45 कोटी डॉलरवर आली खरी, पण ती एकट्या टर्नपाइकने रोखे काढून भरली आणि त्या कर्जाचे हप्ते टोलमधून फिटत आहेत. 2022 पासून ही रक्कम 5 कोटींवर आली, कर्ज उरलेच.

बस-रेल्वेला पैसा मिळायलाच हवा, परंतु तो एका रस्त्याच्या प्रवाशांकडून काढणे मला अन्यायाचे वाटते. केंद्राचा पेट्रोल कर 1993 पासून गॅलनला 18.4 सेंटवर थांबलेला आहे आणि 2008 पासून त्यावर चालणाऱ्या केंद्रीय महामार्ग निधीला सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार टेकू द्यावा लागतो. अशा वेळी राज्ये टोलकडे वळणारच.

पाहुणे भाड्याच्या गाडीने येणार असतील तर टोलची सोय आधी विचारून घ्यावी. उत्तर न्यू जर्सीहून ओहायोकडे जाणाऱ्यांनी आय-80 घ्यावा. डेलावेअर नदीवरच्या पुलाचा टोल सोडला तर पेनसिल्व्हेनियात त्यावर काहीही द्यावे लागत नाही.