दुपारी दीडला भरणारी पोर्तुगालची शाळा

पोर्तुगालच्या सरकारी टीव्हीला, म्हणजे आरटीपीला, बऱ्याच वाहिन्या आहेत. त्यातली आरटीपी मेमोरिया ही जुने कार्यक्रम पुन्हा लावणारी, माझ्यासारख्या निवृत्त माणसांनी बघावी अशी. करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा त्यांनी हीच वाहिनी दिवसभरासाठी मोकळी केली आणि 20 एप्रिल 2020 पासून तिच्यावर पहिली ते नववीची शाळा भरवली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पन्नास. नाव ‘एस्तुदो एम काझा’, घरचा अभ्यास. तिकडे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे दीड झालेले असतात. गोव्यात ही वेळ झोपेची. ती झोप मी या शाळेसाठी मोडली, तेव्हा तिच्यावर चार शब्द लिहायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालते.

माझी नोकरी गोव्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत गेली, आधी सत्तरी तालुक्यात, मग फोंडा तालुक्यात. पोर्तुगीज आलं ते वडिलांकडून. ते पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले. आमच्या घरी वाचन मराठीत चालायचं, बोलणं कोकणीत आणि रागावणं पोर्तुगीजमध्ये. त्यामुळे मला ती भाषा समजते बरी, बोलता येते बेताची. भाचा लिस्बनला लागून असलेल्या ओदिव्हेलाशमध्ये राहतो, हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो. त्याची मुलगी तेव्हा पहिलीत होती. नात शिकते ते आपणही बघावं म्हणून मी आरटीपी प्ले या त्यांच्या संकेतस्थळावर धडे लावायला सुरुवात केली. पैसे पडत नाहीत. मध्येच चित्र गोठायचं, पण तो दोष आमच्या इंटरनेटवाल्याचा. पाऊस पडला की तो दर वर्षी झोपतो.

आता शाळेबद्दल. एक तास अर्ध्या तासाचा. वर्ग जोडीनं घेतलेले, पहिली-दुसरी एकत्र, तिसरी-चौथी एकत्र, पाचवी-सहावी, सातवी-आठवी, आणि नववी एकटी. आमच्या सत्तरीतल्या एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत बसायच्या, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. पण खोलीत मी पहिलीला पाढे लिहायला लावून दुसरीकडे वळू शकत होते. कॅमेऱ्यासमोर ते जमत नाही. टीव्हीवरचा धडा पंगतीतल्या वाढप्यासारखा, पानात काही उरलंय की नाही न बघता पुढे सरकणारा. पहिलीचं पोर ज्या अक्षराशी अडतं, ते दुसरीच्या पोराला केव्हाचं पाठ असतं, आणि दोघं एकाच वेळी कंटाळतात.

शिकवणारे मात्र खरे शाळामास्तर. नट नव्हेत, टीव्हीवर मिरवणारे तज्ज्ञ नव्हेत. हे मला पहिल्या पाच मिनिटांत ओळखू आलं ते त्यांच्या हातांवरून. फळ्याकडे पूर्ण पाठ फिरवायची नाही, खांदा वळवून लिहायचं आणि एक डोळा वर्गावर ठेवायचा, ही सवय वर्षानुवर्षं पोरं सांभाळल्याशिवाय लागत नाही. समोर वर्ग नसतानाही त्या बाई तशाच लिहीत होत्या. प्रश्न विचारला की त्या थांबायच्या. दोन-तीन सेकंद नुसत्या कॅमेऱ्याकडे बघायच्या, मान थोडी पुढे, भुवया वर. मग “बरोब्बर!” म्हणायच्या. तेवढ्या वेळात ओदिव्हेलाशच्या सोफ्यावर उताणी पडलेली आमची नात छताकडे बघून मोठ्यानं उत्तर द्यायची. भाच्यानं मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. म्हणाला, “आत्या, हिला टीव्हीतल्या बाई ऐकू येतात. मी स्वयंपाकघरातून ओरडतो ते येत नाही.”

पडद्याच्या कोपऱ्यात हातवाऱ्यांची भाषा करणारी व्यक्ती असायची, बहिऱ्या मुलांसाठी. भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला, व्यायामसुद्धा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोराला खुर्चीभोवती फिरवून घाम काढायचा, हे मला तरी सुचलं नसतं. परदेशातून आलेल्या, पोर्तुगीज घरची भाषा नसलेल्या मुलांसाठी वेगळे तास होते, आणि माझ्या मते सगळ्यात चांगले तास तेच. बोलणं सावकाश, वाक्यं छोटी. लिस्बनची माणसं एरवी अर्धे स्वर गिळून बोलतात, आमच्या बाबांचं पोर्तुगीज त्यापुढे किती मोकळं होतं ते आत्ता कळतं.

याची मुळं जुनी आहेत. 1965 साली तिथल्या सरकारनं तेलेश्कोला सुरू केली होती. ज्या खेड्यांत प्राथमिकच्या पुढे शाळाच नव्हती, तिथे एका खोलीत टीव्ही ठेवायचा, पोरं बसवायची, धडा पडद्यावरून यायचा आणि हजर असलेला शिक्षक पुढचं समजावून सांगायचा. सालाझारची राजवट चालू होती, गोवा त्यांच्या हातून जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा तशा खोलीत बसून शिकलेली पिढी आता आजी-आजोबा झाली आहे. त्यामुळे 2020 मध्ये टीव्हीवर शाळा आल्यावर तिथल्या घरांत कुणी तोंडात बोट घातलं नाही, उलट सगळे तिला नवी तेलेश्कोलाच म्हणू लागले. आरटीपी मेमोरिया साध्या अँटेनावर फुकट दिसते, केबल नसलेल्या घरातही. ही एक गोष्ट इतर सगळ्या गुणांहून मोठी असं माझं मत आहे.

कारण आमच्याकडे काय चाललं होतं ते डोळ्यांसमोर होतं. आमच्या तालुक्यात वर्ग भरायचे व्हॉट्सअ‍ॅपवर. सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांतली पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती, पावसात, डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन. एका घरात फोन एक, आणि तो बापासोबत कामावर गेलेला. टीव्ही बहुतेक घरांत होता. पणजीच्या आल्तिनोवर दूरदर्शनचं केंद्र आहे, आणि त्या टेकडीखाली आयुष्य शिकवण्यात घातलेल्या शेकडो बाया आहेत. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा दोघींनी अंगठे दाखवले आणि तिसरीनं गणपतीचा फोटो टाकला. असो.

धड्यांच्या थोडं आधीपासून बातम्यांचीही सवय लागली होती. लिस्बनला एक वाजता लागणारं दुपारचं बातमीपत्र आपल्याकडे साडेपाचला, चहाच्या वेळेला. माझ्या लेखी ही सगळी एकच सेवा, कारण तिथल्या देशाचं वर्ष मी या दोन खिडक्यांतूनच पाहिलं.

करोनाचे पहिले रुग्ण 2 मार्च 2020 ला सापडले, पहिला मृत्यू 16 मार्चला, त्याच दिवशी शाळा बंद. 18 तारखेला राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो द सोझा यांनी आणीबाणी पुकारली. 1974 च्या क्रांतीनंतर देशभर अशी आणीबाणी पहिल्यांदाच. त्याच्या आधी ते स्वतः काशकाइशच्या घरी अलगीकरणात बसून होते, एका शाळेतली मुलं त्यांना भेटून गेली होती म्हणून. चाचणी निगेटिव्ह आली. रोज दुपारी आरोग्यमंत्री मार्ता तेमिदो आणि आरोग्य महासंचालक ग्रासा फ्रेयताश आकडे सांगायला बसायच्या. या फ्रेयताशबाई सुरुवातीला मास्कनं खोटी सुरक्षितता वाटते म्हणत होत्या, पुढे मास्क लावा म्हणू लागल्या आणि ऑक्टोबरअखेरीस तर गर्दीच्या रस्त्यावरही मास्क सक्तीचा झाला. निवेदकांनी बाईंना हे जुनं वाक्य वर्षभर विसरू दिलं नाही. पण कुणी आवाज चढवला नाही, चौघं एकदम बोलले नाहीत. आपल्याकडच्या रात्री नऊच्या गोंधळानंतर कानांना बरं वाटायचं.

भाच्याचं हॉटेल बंद झालं. सरकारच्या योजनेत अशा कामगारांना पगाराचे दोन तृतीयांश मिळत होते, त्यातला सत्तर टक्के भाग सरकार भरणार. लिस्बनसारख्या महाग गावात त्यात भाडं जाऊन काय उरतं ते न विचारलेलं बरं. पण नोकरी शाबूत राहिली. त्याच्या किचनमधल्या नेपाळी पोराचा निवासाचा अर्ज कार्यालयात अडकून पडला होता. मार्चअखेरीस सरकारनं ठरवलं की असे अर्ज प्रलंबित असलेल्या सगळ्यांना तूर्त कायदेशीर रहिवासी धरायचं, म्हणजे दवाखान्याचा दरवाजा त्यांना बंद राहणार नाही. ही बातमी मी भाच्याच्या आधी ऐकली आणि त्याला फोन करून सांगितली. तो रात्रपाळीची सवय लागलेला माणूस, दुपारपर्यंत झोपलेला.

25 एप्रिलला तिथला स्वातंत्र्य दिन. मिरवणूक नाही, तर लोकांनी तीन वाजता खिडक्यांत उभं राहून क्रांतीचं गाणं म्हटलं. 13 मेला फातिमाच्या तीर्थक्षेत्री यात्रेकरूंविना सोहळा झाला, असं तिथे कधी झालं नव्हतं. एवढं मोठं पटांगण, आणि मधोमध मेणबत्त्या धरलेले मोजके लोक. जूनमध्ये लिस्बनच्या सांत आंतोनियोच्या मिरवणुका रद्द. आपल्या गोव्यात विहिरींत उड्या मारून साजरा होणारा सांजावचा सणही त्या वर्षी असाच फिका गेला. ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगचे शेवटचे सामने लिस्बनमध्ये रिकाम्या स्टेडियमवर झाले. भाच्याला त्याचं फार कौतुक, मला नाही.

तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कोश्ता आमच्या मडगावच्या घराण्यातले, घरचं नाव बाबुश. पहिल्या लाटेत पोर्तुगालनं साथ बरी आवरली असं युरोपभर छापून येत होतं, तेव्हा गोव्यात दर तिसरा माणूस “बाबुश आमचोच” म्हणायचा. ऑक्टोबरमध्ये त्यांनी रुग्णसंपर्क कळवणारं ‘स्टेअवे कोविड’ अ‍ॅप सक्तीचं करायचा विचार मांडला, लोक खवळले, विचार मागे पडला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा आणीबाणी, शनिवार-रविवारी दुपारी एकनंतर संचारबंदी. नाताळात मात्र ढील दिली. 27 डिसेंबरला पोर्तूच्या साव जुआंव इस्पितळात तिथल्याच एका ज्येष्ठ डॉक्टरांना देशातली पहिली लस टोचली गेली. लोकांना वाटलं, सुटलो.

2021 च्या जानेवारीत सगळं अंगावर आलं. नाताळची ढील होती, इंग्लंडकडून आलेला विषाणूचा नवा प्रकार होता, आणि थंडी होती. तिथली घरं आतून किती गार असतात ते भाच्यानं मला वेगळं सांगितलं होतं. 28 जानेवारीला एका दिवसात 303 मृत्यू आणि सोळा हजारांवर नवे रुग्ण. लोकसंख्या अवघी एक कोटी. लिस्बनच्या सांता मारिया इस्पितळाबाहेर रुग्णवाहिकांची रांग लागलेली, आतल्या रुग्णाला गाडीतच प्राणवायू. निवेदक नुसता आकडा वाचून गप्प व्हायचा, त्यावर वाजतगाजत संगीत नाही की लाल अक्षरं नाहीत. फेब्रुवारीत जर्मन लष्कराचे डॉक्टर आणि परिचारिका मदतीला उतरल्या. त्या दिवसांत गोव्यात बाबुश आमचा असल्याचं कुणाच्याच तोंडून ऐकू आलं नाही.

शाळा 22 जानेवारीला पुन्हा बंद झाल्या आणि 8 फेब्रुवारीपासून मुलं परत घरून शिकू लागली. नात तेव्हा दुसरीत, आणि ‘एस्तुदो एम काझा’ त्या शैक्षणिक वर्षातही चालूच होतं. फरक एवढाच की पहिल्या वेळची नवलाई उरली नाही. नात सोफ्यावरून उत्तर देईनाशी झाली, हातात खोडरबर घेऊन त्याचे तुकडे पाडत बसायची. तिच्या शाळेच्या बाई आठवड्यातून काही वेळा संगणकावरून वर्ग घेत, तो संपला की हिचा चेहरा उतरायचा. टीव्हीवरच्या बाई कितीही चांगल्या असल्या तरी त्या नाव घेऊन हाक मारत नाहीत, आणि सात वर्षांच्या मुलीला शाळा म्हणजे तीच हाक. म्हणून या टीव्हीवरच्या शाळेला माझे पाचपैकी साडेतीन गुण. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर साडेचार दिले असते. 15 मार्चला पहिली ते चौथीच्या शाळा उघडल्या, त्या दिवशी फोनवर मला फक्त दप्तराची पाठ दिसली.

कुणासाठी हे उपयोगी? आपल्या गोव्यातल्या हायस्कुलांत तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज घेणाऱ्या मुलांसाठी नक्की. आमच्या शेजारची नववीतली मुलगी पाठ्यपुस्तकातून क्रियापदं पाठ करते आणि कुणी “कशी आहेस” विचारलं की गप्प होते. तिला मी परकीय मुलांसाठीचे तास लावून दिले, आता ती निदान उलट विचारते. पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद पुढे करून तिकडे मुलंबाळं घेऊन निघालेल्या घरांनीही जाण्याआधी महिनाभर परिसर अभ्यासाचे तास बघावेत, तिथला दुकानदार, डॉक्टर, बसवाला मुलांशी कसा बोलतो ते त्यातून कानावर पडतं. सुरुवात पहिली-दुसरीपासून करा आणि तिसरी-चौथीवर थांबा. नववीचं व्याकरण मी लावून बघितलं, त्यात मला झोप लागली.