व्हर्ट-इन्स्टॉलची डिस्ट्रो-ओळख: आरपीएमला साडेचार गुण, डेबियनला तीन

चाचणीच्या इमेज बांधताना व्हर्ट-इन्स्टॉल या आभासी मशीन बनवणाऱ्या टूलच्या 'लोकेशन' पर्यायात मिररचा (डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या एखाद्या प्रकाराच्या, फाइलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता टाकायचा, डिस्ट्रो ओळखून बाकीचं ते बघतं, अशी या टूलची ख्याती. फेडोरा, रॉकी, अल्मा या आरपीएम पॅकेजेस वापरणाऱ्या डिस्ट्रोंच्या बाबतीत ती रास्त आहे. या डिस्ट्रोंच्या इन्स्टॉल ट्रीच्या (इन्स्टॉलसाठीच्या फाइलींच्या फोल्डरच्या) मुळाशीच 'डॉट ट्रीइन्फो' ही छोटी फाइल असते. तिच्यात फॅमिली, व्हर्जन, आर्किटेक्चर आणि कर्नल-इनिटआरडी (मशीन सुरू करणाऱ्या दोन फाइली) कुठे आहेत ते लिहिलेलं असतं. टूल ते वाचून ओएसइन्फो-डीबी या ऑपरेटिंग सिस्टिमांच्या माहितीसाठ्याशी ताडून बघतं.

पत्ता मात्र नेमका हवा. रॉकी ९ साठी 'बेसओएस', मग 'एक्स८६_६४', मग 'ओएस' इथपर्यंत. एक पायरी अलीकडे थांबलात तर हाती काही लागत नाही. फेडोराच्या 'अपडेट्स'मध्ये नुसतीच पॅकेजेस आणि रीपोडेटा (त्यांची सूची), तिथे ट्रीइन्फो शोधू नका. डीएनएफ रीपोसिंक या पॅकेजेस उतरवून घेणाऱ्या कमांडने उभा केलेला ऑफिसातला मिररही इथेच अडकतो, कारण रीपोसिंक ट्रीइन्फो आणि 'इमेजेस/पीएक्सईबूट' आणत नाही. ते आरसिंकने वेगळं आणा. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्याचा पत्ता आता 'व्हॉल्ट' या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यावरचा.

व्हर्ट-इन्स्टॉलच्या आवृत्ती ४.० पासून ओएस ओळखता आली नाही की टूल सरळ थांबतं. नेटवर 'रिक्वायर=ऑफ' करा असा सल्ला सर्रास मिळतो; तो घेऊ नका. इन्स्टॉल सुरू होतं खरं, पण व्हर्टिओ या आभासी मशीनसाठीच्या वेगवान उपकरणांऐवजी जुन्या पद्धतीची डिस्क आणि नेटवर्क कार्ड मिळतं, आणि चाचण्या का रेंगाळतायत ते कळत नाही. बऱ्याचदा डीबीच शिळी असते: 'ओएसइन्फो-डीबी-इम्पोर्ट' हे 'लोकल' आणि 'लेटेस्ट' लावून चालवा. तरीही नाहीच जमलं तर 'ओएसइन्फो' पर्यायात 'लिनक्स२०२२' हे सर्वसाधारण नाव द्या.

डेबियनची गंमत वेगळी. टूल 'इन्स्टॉलर-एएमडी६४'खाली 'करंट/इमेजेस/मॅनिफेस्ट' आहे का एवढं बघतं आणि आवृत्ती काढतं ती तुमच्या पत्त्यातल्या सांकेतिक नावावरून. म्हणजे मिररवर काय आहे यापेक्षा तुम्ही काय टाइप केलंय याला महत्त्व! म्हणून नुसतं 'स्टेबल' न लिहिता 'बुकवर्म'सारखं नेमकं सांकेतिक नाव लिहा. खातरजमा हवी असेल तर 'डिस्ट्स/बुकवर्म/रिलीज' कर्लने ओढा आणि 'ओरिजिन', 'कोडनेम' या दोन ओळी ग्रेप करा. स्क्रिप्टमध्ये ही तपासणी बांधणीच्या आधी ठेवावी आणि 'ओएसइन्फो' स्वतः लिहून द्यावं.

उबंटूला या पद्धतीत गुण द्यायचेच झाले तर एक. २०.०४ ची ट्री 'लेगसी-इमेजेस'मध्ये सापडते, २२.०४ पासून तसली ट्रीच नाही. तिथे लाइव्ह-सर्व्हर आयएसओ 'लोकेशन'ला द्या आणि त्याच पर्यायात स्वल्पविराम देऊन कर्नल 'कॅस्पर/व्हीएमलिनझ', इनिटआरडी 'कॅस्पर/इनिटआरडी' असे मार्ग हाताने भरा.