चामड्याचे मलम: पट्ट्याला लावावे, जुन्या ग्रंथाला नको

लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन आणि गुरांच्या पायांच्या नळ्यांपासून काढलेले तेल यांचे हे मलम मी दोन वर्षे वापरत आहे. डबीवर ते बूट-पट्टे आणि चामडी बांधणीचे जुने ग्रंथ अशा दोहोंसाठी असल्याचे छापले आहे. पहिला दावा मला पटला. दुसरा मात्र छापायलाच नको होता.

लॅनोलिन सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळत असल्याने बोटांच्या उबेनेच मलम मऊ होते आणि पट्ट्यावर पातळ, एकसारखे पसरते. सतत वाकणाऱ्या चामड्याच्या तंतूंना स्निग्धतेची गरज असतेच, त्यामुळे तिथे त्याचा गुण लगेच दिसतो. लोकरीचा मंद वास येतो, पण तो टिकत नाही.

ग्रंथाची गोष्ट वेगळी आहे. मलम लावल्यावर काही महिन्यांनी एका ग्रंथाच्या कण्यावर पांढरी पूड दिसू लागली आणि ती बुरशी असावी असे मला वाटले. परंतु गरम हवेचा झोत देताच ती वितळून नाहीशी झाली, आणि बुरशी अशी वितळत नाही. ती पूड म्हणजे मेदातून सुटी झालेली पामिटिक व स्टिअरिक आम्ले होती, जी अनुक्रमे सुमारे ६३ आणि ६९ अंशांना वितळतात आणि म्हणून सामान्य तापमानात पृष्ठभागावर घनरूपात साचतात. हीच आम्ले तांब्याच्या मिश्रधातूशी संयोग पावतात, त्यामुळे पितळी कडीभोवती हिरवट, मेणचट थर चढला. मलमातील असंतृप्त मेद हवेतील ऑक्सिजनने हळूहळू चिकट होतात, धूळ धरतात आणि चामडे काळवंडते, ते निराळेच.

ज्या लालसर, भुरभुरणाऱ्या चामड्यासाठी लोक असे मलम आणतात, ते बहुधा हवेतील सल्फर डायऑक्साइडपासून तयार झालेल्या सल्फ्युरिक आम्लाने कुजलेले असते, आणि तेलाने ते आम्ल निवत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कृतीतही लॅनोलिन, मधमाश्यांचे मेण आणि सीडारचे तेलच होते, हे मान्य. पण आज जतनतज्ज्ञ अशा चामड्यासाठी अल्कोहोलात विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, म्हणजे भुरभुरणारे तंतू धरून ठेवणारे सेल्युलोजजन्य द्रव्य, पसंत करतात.

पट्ट्यासाठी मी या मलमाला पाचपैकी चार गुण देईन, ग्रंथासाठी एकही नाही. त्या ग्रंथाला आता वेगळ्या पेटीत ठेवावे लागले आहे, कारण त्याच्या पुठ्ठ्यातले तेल शेजारच्या ग्रंथावर उतरू लागले होते.