घरगुती रक्तदाब यंत्र: दीड-दोन हजारांत घ्यावी अशी वस्तू

घरात कोणाला उच्च रक्तदाबाचा त्रास असेल, किंवा चाळिशी ओलांडलेल्या माणसाने अनेक वर्षांत रक्तदाब तपासलाच नसेल, तर दंडाला पट्टा बांधून वापरायचे साधे डिजिटल यंत्र अवश्य विकत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उच्च रक्तदाब बहुतेक वेळा कोणतेही लक्षण दाखवत नाही. डोके दुखले नाही, चक्कर आली नाही, म्हणजे सगळे ठीक आहे असे समजून अनेक जण वर्षानुवर्षे तपासणीच करत नाहीत आणि तोवर हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांच्यावर ताण पडत राहतो. आमच्याकडे सासूबाईंसाठी असे यंत्र घेतले. ते रोजच्या वापरात आहे आणि त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. मी कोणत्याही एका कंपनीची शिफारस करणार नाही, कारण निवड करताना नावापेक्षा यंत्राचा प्रकार आणि पट्ट्याचे माप अधिक महत्त्वाचे ठरते.

बाजारात मनगटावर बांधायची यंत्रेही मिळतात आणि आटोपशीर असल्यामुळे ती आकर्षक वाटतात, परंतु मनगट हृदयाच्या पातळीपासून थोडे जरी खाली किंवा वर राहिले तरी आकडा बदलतो. म्हणून घरासाठी दंडाचेच यंत्र घ्यावे. दुकानात जाण्यापूर्वी खांदा आणि कोपर यांच्या मध्यभागी दंडाचा घेर टेपने मोजून घ्यावा. बऱ्याच यंत्रांसोबत येणारा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेरासाठी असतो. जाड दंडावर असा लहान पट्टा बांधला तर रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि माणूस विनाकारण घाबरतो. जाड दंडाच्या माणसांसाठी 42 सेंटिमीटरपर्यंतचा मोठा पट्टा मिळतो, तो मागून घ्यावा. दुकानदार हा प्रश्न स्वतःहून क्वचितच विचारतो. यंत्राची अचूकता स्वतंत्रपणे तपासली गेली आहे का, हे ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत मॉडेलच्या क्रमांकावरून पाहता येते. ब्लूटूथ, मोबाइल ॲप, बोलून आकडे सांगणारा आवाज या सोयींमुळे किंमत वाढते, मोजणी अधिक अचूक होत नाही. अर्थात डोळ्यांनी अधू असलेल्या व्यक्तीला आवाजाची सोय खरोखरच उपयोगी पडते.

या यंत्राचे काम समजून घेतले तर ते कसे वापरायचे हेही आपोआप कळते. पट्ट्यात हवा भरली की दंडातील धमनी दाबली जाते आणि हवा हळूहळू सुटू लागली की धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यातील दाबात बारीक आंदोलने उमटतात. ती टिपून यंत्र वरचा आणि खालचा आकडा गणिताने काढते. डॉक्टर स्टेथोस्कोपने आवाज ऐकून मोजतात, त्याहून ही रीत वेगळी आहे. त्यामुळे मोजताना हात हलला, माणूस बोलला किंवा पट्टा जाड बाहीवरून बांधला तर आकडा बिघडतो. ज्यांचे ठोके मुळातच अनियमित पडतात त्यांच्या बाबतीत एका मोजणीवर विसंबून चालत नाही, आणि त्यांनी याविषयी डॉक्टरांशी बोलूनच यंत्र वापरावे.

सासूबाईंना आम्ही घालून दिलेली रीत अशी आहे की चहा घेतल्यावर अर्धा तास तरी मोजायचे नाही, लघवीला जाऊन यायचे, पाठीला आधार असलेल्या खुर्चीत पाय जमिनीवर सरळ टेकवून पाच मिनिटे शांत बसायचे आणि पट्टा बांधलेला हात हृदयाच्या उंचीवर येईल असा टेबलावर ठेवायचा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन-तीन सेंटिमीटर वर असावी. हात खाली लोंबकळत राहिला तर वरचा आकडा दहाच्या आसपास सहज वाढू शकतो, आणि तेवढ्या फरकाने औषधाचा निर्णय बदलू शकतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. सकाळी मोजायचे ते रक्तदाबाची गोळी घेण्यापूर्वी. पहिल्यांदा वापरताना दोन्ही दंडांवर मोजून पाहावे आणि ज्या दंडावर आकडा जास्त येतो तोच पुढे कायम ठेवावा.

दवाखान्यात 140/90 ही जी सीमा धरतात ती घरच्या मोजणीसाठी 135/85 मानली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. डॉक्टरांसमोर बसल्यावर काहींचा रक्तदाब भीतीने वाढतो, तर काहींचा तेथे नेमका ठीक येऊन घरी मात्र चढलेला असतो. ही दोन्ही चित्रे आठवडाभराच्या घरच्या नोंदींतून उघड होतात आणि माझ्या दृष्टीने या यंत्राची किंमत तेवढ्यानेच वसूल होते. एखाद्या दिवशीचा एकच चढा आकडा पाहून गोळी वाढवणे किंवा चांगले आकडे दिसले म्हणून ती बंद करणे मात्र धोक्याचे आहे. तो निर्णय डॉक्टरांचाच. पुन्हा मोजूनही आकडा 180/120 च्या वर राहिला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातील जोर जाणे असे काही असेल, तर मोजत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

देखभाल फारशी नाही. बहुतेक यंत्रे चार पेन्सिल सेलवर चालतात. सेल उतरू लागले की ते बदलावेत आणि यंत्र काही महिने वापरायचे नसेल तर काढून ठेवावेत. पट्टा घट्ट दुमडून ठेवू नये आणि त्याची नळी पिरगळू देऊ नये. वर्षातून एकदा नेहमीच्या तपासणीला जाताना यंत्र सोबत न्यावे, डॉक्टरांच्या मोजणीशी त्याचा आकडा ताडून पाहावा आणि नोंदींची वहीही त्यांच्यासमोर ठेवावी.