अंजीर की सीताफळ? पुरंदरात नवी बाग लावणाऱ्यांसाठी

पुण्याकडून दिवे घाट चढून वर आलं की दोन्ही बागा शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून यंदा लागवड करायची म्हणणारा जो तो हाच प्रश्न विचारतो. माझ्याकडे आधी सगळं अंजीर होतं, आता बहुतेक सीताफळ आहे. अंतर किती, खड्डा केवढा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर जाधववाडीचं संशोधन केंद्र जवळच आहे. मी बोलतोय ते आभाळाबद्दल.

आधी अंजिराची बाजू, कारण पैसा तिकडेच आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि खट्ट्या बहाराला, म्हणजे थंडीत तोडणीला येणाऱ्या फळाला, भाव चांगला सापडतो. चवीला उन्हाळ्यात निघणारा मीठा बहार उजवा, पण त्यासाठी पावसाळा सरताना बागेला नीट ताण बसावा लागतो. आता ऑक्टोबर उजाडला तरी सरी चालूच. जमीन सुकत नाही, झाड विश्रांतीला जात नाही, बहार पुढे-मागे फुटतो. हवामान खात्याने २०२० मध्ये परतीच्या पावसाच्या तारखा पुढे सरकवल्या. खात्याच्या पुण्यातल्या सिमला ऑफिसच्या कागदावर ते आलं, त्याआधीच आमची बाग तेच सांगत होती.

माझं मन फिरलं ते मात्र खट्ट्या बहारात. डिसेंबर २०२१ची पहिली-दुसरी तारीख, अवकाळी पाऊस. त्याच पावसात जिल्ह्यातल्या मेंढपाळांच्या मेंढ्या गारठून मेल्या, त्यापुढे माझं काय एवढं! पण संध्याकाळी रंगात आलेली फळं सकाळी निम्मीअधिक उकललेली होती. चिरेतून लाल गर बाहेर, त्यावर मुंग्यांची रांग, दुपारपर्यंत बागभर आंबूस वास. पुढच्या पंधरवड्यात पानांमागे तांबेरा.

नुकसान काय, सगळ्यांचंच होतं. मला खुपलं ते वेगळंच. पावसाचा अंदाज आदल्या दिवशीच मोबाइलवर आला होता आणि तरी करण्यासारखं काही नव्हतं. अंजीर कच्चं तोडलं तर त्यात गोडी भरत नाही, आणि पिकलेलं दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. पाऊस येणार हे कळूनही हातावर हात ठेवून बसायचं, हे मला झेपलं नाही.

सीताफळाचं तसं नाही. डोळे उघडले, खवल्यांमधल्या रेघा पिवळसर-पांढऱ्या दिसायला लागल्या, की फळ कडक असतानाच काढता येतं. दोन-चार दिवसांत घरात पिकतं. म्हणजे अंदाज वाचला की निदान क्रेट भरता येतात.

त्यालाही रडगाणी आहेत. मेच्या कोरड्या झळांत फूल गळतं. श्रावणात आठ-आठ दिवस झड लागली की फळं काळी पडून दगडासारखी होतात. पिठ्या ढेकणाचा तर वैताग आहे. मुंग्या त्याला खोडावरून वर नेतात, आणि एकदा खवल्यांत बसला की फळ मार्केटयार्डात कोणी हातात धरत नाही. सगळ्यांचा माल एकदम आला की भाव बसतो तो वेगळाच. वाणांमध्ये ‘गोल्डन’ जास्त टिकतं हे खरं, पण माझ्या जिभेला ‘फुले पुरंदर’च बरं लागतं. असो, आवडीचा प्रश्न आहे.

२०२५ला मोसमी पाऊस २६ मेलाच पुण्यात पोचला, त्याआधीही मेमध्ये वळीव भिजवतच होता. मीठ्या बहाराची माझी शेवटची तोडणी पाण्यात गेली. शेजारच्या सीताफळाच्या उशिरा छाटलेल्या ओळींनी मात्र त्याच ओलाव्यात फूल धरलं. एका वर्षावरून नियम काढू नये, पण दिसलं ते सांगितलं.

तुम्ही मळ्यातच राहत असाल, पहाटे तोडायला घरचीच चार माणसं असतील, चिकाने हात सोलवटले तरी कुरकुर न करणारी, तर अंजीर जरूर लावा. जमलेल्या वर्षी सीताफळ त्याच्या जवळपास येत नाही. मी हडपसरहून येतो. अंदाज बघून लगेच निघालो तरी तासभर लागतो आणि घाटात एखादा ट्रक बंद पडला की दोन. तेवढ्यात सीताफळ कुठे जात नाही.