दहावीच्या निकालाची दुर्बीण: आठ महिन्यांनंतर

13 मे 2025 ला दहावीचा निकाल लागला, लेकीला 91 टक्के पडले आणि दिवेलागणीपर्यंत घरात बक्षिसावरून तट पडले. मामा स्कूटीवर अडून बसलेला. अठरा व्हायच्या आत पोरीने चालवली तर आईबापाला 25 हजारांचा दंड होतो, हे सांगितलं तर म्हणे, चाळीसगावात कोण पकडतंय! हिच्या बाबांचं मन मोबाइलवर. सासूबाईंचं अहिराणीत एकच, "सोनं ल्या, पोरले कामे ई." म्हणजे सोनं घ्या, पोरीला कामी येईल. पोरीने मात्र कधीचंच रफ वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं: दुर्बीण, 70 मिमी (ही पुढच्या भिंगाची रुंदी). आणि पुढे किंमत.

ऑनलाइन नऊ हजारांना पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक दुर्बिणी एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात.

खोक्यावर ‘525 पट’ असं ठळक छापलंय. त्याला भुलू नका. हिशेब साधा आहे. नळीचं नाभीय अंतर 700 मिमी, त्याला डोळा लावायच्या भिंगावरच्या आकड्याने भागायचं. 25 चं लावलं की 28 पट, 10 चं लावलं की 70 पट. 4 चं लावून वर तिप्पट करणारं जोडभिंग, म्हणजे बार्लो, जोडली की कागदावर 525 होतात, पण 70 मिमीच्या दुर्बिणीला फार तर 140 पट झेपतं. त्यापुढे नुसता धुरकट गोळा. आमची बार्लो पहिल्या आठवड्यापासून डब्यात पडून आहे. काही दुर्बिणींसोबत डोळा लावायच्या भिंगावर बसवायची, सूर्य बघायची काळी काचही येते. ती उन्हाने तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. आली तर सरळ फेकून द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धा चंद्र होता, म्हणजे खड्डे बघायला सगळ्यात चांगला. पौर्णिमेला सावल्याच पडत नाहीत, चंद्र सपाट दिसतो. गच्चीवर दुर्बीण लावली, तर चंद्र पातेल्यातल्या उकळत्या पाण्यातून बघावा तसा थरथरत होता. मला वाटलं, माल खराब निघाला. परत करायची तयारीसुद्धा केली. मग पोरीच्याच लक्षात आलं की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, हवा हलते, म्हणून चित्र हलतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रात्री दहालासुद्धा गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही, मग दुर्बिणीला काय दोष द्यायचा? गच्चीवर दोन बादल्या पाणी मारून बघितलं, थोडा फरक पडला. खरा फरक पडला मळ्यात नेल्यावर. तिथे कपाशीच्या रिकाम्या वावरात उभं राहिलं की चंद्राच्या खड्ड्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसल्या.

दुसरी रड पायांची. ॲल्युमिनियमची तिपाई इतकी हलकी की फोकस फिरवला तरी चित्र पाच सेकंद नाचतं. मधल्या तबकाला दोन विटा घातलेली पिशवी टांगली, तेव्हा कुठे जरा थारा आला.

आता माझी चूक. दुर्बीण हातात देताना मी बोलून गेले, "आता बारावीला 95 आणायचे बरं का." काही दिवसांनी खोकं पलंगाखाली गेलं ते महिनाभर बाहेरच आलं नाही. मी समजत होते पावसाळा म्हणून. त्यात 2025 ला अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन, तो घोळ वेगळाच. एकदा भांडी घासताना तीच म्हणाली, "ते बक्षीस नव्हतं ना, ॲडव्हान्स होता." मला काही उत्तर सुचलं नाही. नंतर तो आकडा मी घरात पुन्हा काढला नाही.

7 सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाला ढगांनी घात केला. ऑक्टोबरात आकाश उघडलं, तेव्हा शनी बघायला गल्लीतली पोरं जमली आणि नाराज होऊन गेली. कडी दिसली नाहीत, गोळ्यातून आरपार गेलेली एक बारीक रेघ. दर पंधरा वर्षांनी कडी आपल्याला अशी कडेने दिसतात, 2025 नेमकं ते साल, हे पोरीने त्यांना दगडाने मातीत काढून दाखवलं. एरवी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी मुलगी ही.

डिसेंबरात थंडीबरोबर दहिवर आलं, भिंगावर पाणी साचायला लागलं. काळ्या कार्डशीटची नळी पुढे बसवली, काम भागलं. त्याच महिन्यात चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलो. एरवी आम्ही दर्शन आणि धबधबा करून परततो. या वेळी हिने वाटेत ऐकवलं की गणित-खगोलवाले भास्कराचार्य, त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे पाटणला मठ काढला होता, 1207 चा शिलालेख आहे. माहेर माझं इथलं, मला हे ठाऊक नव्हतं.

जानेवारी 2026 ला गुरू जोरात आला. 28 पटीतसुद्धा त्याचे चार चंद्र ओळीने दिसतात आणि रोज जागा बदलतात. रोज रात्री जेवणानंतर ती वहीत चार ठिपके काढते. कोणी सांगितलेलं नाही.

हिशेबाच्या बाजूने सासूबाई जिंकल्या. मे महिन्यात तोळा लाखाच्या आत होता, डिसेंबरात एक लाख तीस हजारांच्या वर गेला, आणि हे त्या आठवड्यातून दोनदा ऐकवतात. पण परवा गच्चीवर त्यांच्याच डोळ्याला दुर्बीण होती आणि खालून मी विचारलं, "काय दखायनं?" (काय दिसलं?) तर हाताने गप्प बस म्हणाल्या.

घ्यायची असेल तर निकालाच्या दिवशी चिठ्ठीत लिहून द्या आणि वस्तू दसऱ्यानंतर मागवा. मेमध्ये आलेली दुर्बीण पावसाळ्यात बरेच दिवस पलंगाखाली राहते. काल रफ वहीच्या मागच्या पानावर नवीन ओळ दिसली: जड तिपाई. पुढे किंमत. माझ्याकडे मागितलेली नाही अजून.